चार आकड्यांचा खांब: रशियाच्या जंगलात वाट कशी शोधायची

सप्टेंबर उजाडला की त्वेरहून सुटणाऱ्या लोकल गाड्यांत टोपल्याच टोपल्या दिसतात. गमबूट घातलेल्या आज्या, त्यांची नातवंडं, गळ्यात शिट्टी अडकवलेले पुरुष, सगळे मशरूम वेचायला निघालेले. मी त्या शहरात शिकायला होतो तेव्हा घरमालकीणबाईंनी आम्हा चार मराठी पोरांनाही एका रविवारी सोबत नेलं. जंगलात शिरल्यावर दहा मिनिटांतच त्या एका बुटक्या लाकडी खांबापाशी थांबल्या. खांबाच्या चार बाजूंवर चार आकडे होते. बाई म्हणाल्या, "हा वाचता आला तर पुढे या, नाहीतर स्टेशनवर बसा."

त्वेर म्हणजे अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं गाव. पंधराव्या शतकात तो चौलला उतरला आणि जुन्नरला पावसाळा काढून पुढे गेला. व्होल्गेकाठी त्याचा पुतळा आहे. तो आपल्या घाटात हरवला नाही. आम्ही मात्र त्याच्या गावाबाहेरच्या सपाट जंगलात पुढे व्यवस्थित हरवलो. तो किस्सा ओघात येईलच.

सह्याद्रीत फिरणाऱ्याला हे जंगल फसवं वाटतं. तिथे ना धार, ना सुळका, ना समोर दिसणारा किल्ला. बर्च, स्प्रूस, पाइन, पुन्हा बर्च. दोनशे पावलांपलीकडचं काही दिसत नाही आणि जे दिसतं ते सगळं सारखंच. ओढ्याच्या कडेने उतरत गेलं की गाव लागतं, ही आपली सवय तिथे थेट दलदलीत नेऊन सोडते. म्हणून तिथली माणसं डोंगराऐवजी माणसानेच आखलेल्या रेघांवर भरवसा ठेवतात.

आधी पट समजून घ्या

रशियात वनखातं 1798 साली स्थापन झालं. एकोणिसाव्या शतकात सरकारी जंगलं चौकोनांत वाटून मोजायची पद्धत तिथे रुळली. प्रत्येक चौकोनाला म्हणतात क्वार्ताल. दोन क्वार्तालांमध्ये झाडं तोडून सरळ पट्टा मोकळा केलेला असतो, त्याचं नाव प्रोसेका. काही प्रोसेका उत्तर-दक्षिण जातात, काही पूर्व-पश्चिम. त्या एकमेकींना छेदतात तिथे क्वार्तालचा खांब रोवलेला असतो. एखाद्या गावाचे सगळे गट कोणीतरी पट्टी धरून आखावेत, तसं हे प्रकरण आहे.

जुन्या जंगलात चौकोनाची बाजू एक वेर्स्ता, म्हणजे 1.067 किलोमीटर असते. नंतरच्या आखणीत ती बहुधा एक किलोमीटर मिळते. शहरालगतच्या जंगलात अर्धा किलोमीटरचे चौकोनही आहेत, तर दूरच्या तैगात, म्हणजे उत्तरेकडच्या अफाट जंगलपट्ट्यात, दोन किंवा चार किलोमीटरचे. म्हणून जिथे जाणार आहात तिथला चौकोन केवढा आहे हे घरीच नकाशावर बघून घ्या. सोव्हिएत काळच्या 1:1,00,000 नकाशांवर प्रोसेका, आणि काही ठिकाणी क्वार्तालचे क्रमांकही, छापलेले आहेत. मोबाइलवरच्या काही ऑफलाइन नकाशांतही ते दिसतात, सगळीकडे नाही.

हे क्रमांक वायव्य कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातात, आणि ओळ संपली की खालची ओळ पुन्हा पश्चिमेकडून सुरू होते. आपण पानावर लिहितो तसंच, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली. बाकीचं सगळं या एका गोष्टीतून निघतं. ती डोक्यात बसली असेल तर पुढचा नियम पाठ करावा लागत नाही.

खांब वाचायचा कसा

खांब साधारण कमरेएवढा असतो. वरचं टोक पाणी साचू नये म्हणून उतरतं तासलेलं. त्याखाली चार बाजू सपाट केलेल्या असतात. या बाजूंना रशियन वनरक्षक 'गाल' म्हणतात, आणि एकदा तो शब्द ऐकला की खांबाला चेहरे फुटल्यासारखे वाटतात. प्रत्येक गालावर एकच आकडा, आणि तो गाल ज्या क्वार्तालकडे बघतो त्याचाच तो क्रमांक. दोन गालांमधली कड प्रोसेकाच्या दिशेने असते. आकडे आपण नेहमी लिहितो तेच, त्यामुळे रशियन अक्षरं येत नसली तरी काही अडत नाही.

समजा, खांबावर 24, 25, 38 आणि 39 असे आकडे आहेत. सर्वांत लहान दोन कोणते? 24 आणि 25. वरच्या, म्हणजे उत्तरेकडच्या ओळीतले आकडे लहान असणार, म्हणून या दोघांमधली कड उत्तर दाखवते. 38 आणि 39 मधली कड दक्षिण, 25 आणि 39 मधली पूर्व, 24 आणि 38 मधली पश्चिम.

इथे नवखा माणूस हमखास चुकतो. 24 आणि 25 दोन्ही दिसतील असा तो खांबासमोर उभा राहतो आणि ज्या दिशेला तोंड आहे ती उत्तर समजतो. उलट आहे. ती कड तुमच्याकडे बघते आहे, म्हणजे तुम्ही खांबाच्या उत्तरेला उभे आहात. तुमची पाठ उत्तरेला आणि तोंड दक्षिणेला. त्या जागेवरून आकडे उजवीकडून डावीकडे वाढताना दिसतील, उजव्या हाताला 24 आणि डाव्या हाताला 25, उर्दू वाचल्यासारखे. उलटे दिसले तर खांबावर कोणीतरी आकडे चुकीचे रंगवलेत असं समजा आणि त्याच्यावर विसंबू नका.

माझी सोपी युक्ती अशी: लहान आकड्यांच्या कडेला पाठ टेकवून उभं राहायचं. आता तोंड उत्तरेला. डाव्या खांद्यामागे 24, उजव्या खांद्यामागे 25. चूक व्हायला जागाच उरत नाही.

आता 38 मधून 24 वजा करा. उत्तर 14, म्हणजे या भागात एका ओळीत चौदा क्वार्ताल आहेत. हा आकडा लक्षात ठेवा. पुढचा खांब कसा असेल ते तो आधीच सांगतो. उत्तरेला एक चौकोन गेलात तर पुढच्या खांबावर 10, 11, 24, 25 असणार. पूर्वेला गेलात तर 25, 26, 39, 40. दक्षिणेला 38, 39, 52, 53. ओळी नेहमी सारख्या लांबीच्या नसतात, कारण जंगलाची कड वाकडी असते. पण निदान दोन आकडे जुने आणि दोन नवे मिळायलाच हवेत. ते मिळाले नाहीत तर थांबा आणि परत आधीच्या खांबाकडे जा.

निघण्यापूर्वी कागदावर काय लिहायचं

मोबाइलची बॅटरी थंडीत लवकर उतरते, म्हणून हे कागदावरच लिहा. एक: ज्या वनविभागात शिरणार आहात त्याचं नाव. रशियनमध्ये त्याला लेस्निचेस्त्वो म्हणतात. दोन: तुम्ही जिथून शिरलात तिथल्या क्वार्तालचा क्रमांक. तीन: 'तटबंदी', म्हणजे जंगलाच्या कोणत्या बाजूला रस्ता, रेल्वे किंवा नदी आडवी जाते. ही तटबंदी सगळ्यांत महत्त्वाची, कारण तुम्हाला नेमकं स्टेशन सापडलं नाही तरी रेल्वेचे रूळ चुकणं अवघड असतं.

वरच्याच उदाहरणात धरा की 43 ते 56 या ओळीच्या दक्षिणेला बसचा रस्ता आहे. तुम्ही 24-25-38-39 च्या खांबापाशी आहात. दक्षिणेची प्रोसेका धरली की एका चौकोनानंतर 38-39-52-53 चा खांब येणार, आणखी एका चौकोनानंतर रस्ता. दोन किलोमीटरचं काम. पावलं मोजायची असतील तर फक्त डावं पाऊल मोजा. मोकळ्या रस्त्यावर माझी किलोमीटरला साधारण 620 होतात, जंगलात पडलेली झाडं ओलांडताना 700 च्या पुढे जातात. तुमचा आकडा शहरातल्या मैदानावर आधी काढून ठेवा.

खांबच दिसत नसेल तर

मशरूम वेचताना माणूस खाली बघत, गोल गोल फिरत जातो आणि मान वर केली की भोवती नुसती झाडं असतात. अशा वेळी खांब शोधायला धावू नका, रेघ शोधा. तुम्ही एक किलोमीटर बाजूच्या चौकोनात आहात. कोणत्याही एका दिशेने खरोखर सरळ चाललात तर फार तर दीड किलोमीटरच्या आत एखादी प्रोसेका लागतेच.

अवघड आहे ते सरळ चालणं. त्यासाठी पुढची तीन झाडं एका ओळीत निवडा. पहिल्यापाशी पोहोचलात की तिसऱ्याच्या पलीकडे चौथं निवडा. दोघं असाल तर आणखी सोपं: एकाने मागे थांबून पुढच्याला डावीकडे-उजवीकडे हाकारायचं.

प्रोसेका ओळखायला मात्र नजर लागते. ताजी छाटलेली असेल तर चार मीटर रुंद मोकळा पट्टा दिसतो, लहान मूलही ओळखेल. पण पंधरा-वीस वर्षं कोणी हात लावला नसेल तर तिथे रासबेरीची झुडपं आणि मनगटाएवढे बर्च दाटलेले असतात. मग खाली बघून काही कळत नाही. मान वर करा: दोन्ही बाजूंच्या जुन्या झाडांच्या शेंड्यांमध्ये आकाशाची सरळ फट दिसते. खाली एकाच वयाच्या कोवळ्या झाडांचा पट्टा आणि दोन्ही काठांना म्हाताऱ्या खोडांची रांग, हीही खूणच. काठाच्या खोडांवर कुऱ्हाडीने साल तासलेली जुनी खूण सापडली तर खात्री झाली. लाकूड ओढायचे रस्तेही मोकळे दिसतात, पण ते वळणं घेतात. प्रोसेका वळत नाही.

रेघ सापडली की तिच्यावर कोणत्याही बाजूला चाला; छेद जास्तीत जास्त एका चौकोनाच्या बाजूइतका लांब असणार. छेदावर खांब नसेलही, कारण लाकूड कुजतं. तेव्हा जमिनीकडे बघा. खांबाभोवती पूर्वी चर खणून माती चढवत, आणि लाकूड गेलं तरी तो उंचवटा मॉसखाली बरीच वर्षं टिकतो. आकडे नसले तरी छेद सापडला हेही थोडं नाही. तिथून पुढच्या छेदापर्यंत जा. सगळेच खांब एकदम कुजत नाहीत.

एक इशारा. प्रोसेका म्हणजे पायवाट नव्हे. आखणाऱ्याने ती नकाशावर पट्टी ठेवून काढली आहे, त्यामुळे ती दलदलीतूनही सरळ जाते. पुढे पाय रुतायला लागले तर हट्ट करू नका. काटकोनात बाजूला सरका, डावी पावलं मोजा, दलदलीला वळसा घाला आणि तितकीच पावलं मोजत परत रेघेवर या.

खोटे खांब, आणि आमची फजिती

दुसऱ्या वर्षी आम्ही बाईंशिवाय गेलो. दुपारी एका खांबापाशी आलो. त्याची एकच बाजू तासलेली होती. वर 73, खाली 12, त्याखाली आणखी काही आकडे. आमच्यातल्या एकाने ठामपणे जाहीर केलं की आकडे आहेत ती बाजू उत्तरेची. (तो मीच होतो.) त्या हिशेबाने आम्ही दक्षिणेला, रेल्वेच्या दिशेला निघालो. दीड तास चाललो तो बुंधेच बुंधे असलेल्या तोडीच्या मैदानात. तेवढ्यात गाडीची शिट्टी ऐकू आली, बरोब्बर पाठीमागून.

तो खांब तोडीच्या कूपाचा होता. कुठल्या क्वार्तालमधला कितवा तुकडा, कोणत्या वर्षी तोडायचा, क्षेत्र किती, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. दिशेशी त्याचा काही संबंध नाही. तेव्हापासूनची माझी कसोटी अशी: एका गालावर एकच आकडा हवा, शेजारच्या गालावरचा आकडा वेगळा हवा, आणि खांब दोन रेघांच्या छेदावर हवा. तिन्ही जुळत नसेल तर तो खांब माझ्यासाठी मुका. गॅसच्या पाइपलाइनचे आणि जमिनीखालच्या केबलचे खांबही जंगलात भेटतात, ते तर अजिबातच मोजू नका.

खरा खांबही कधी दगा देतो. नवा रोवताना कामगाराने तो पाव फेरा फिरवून बसवला असेल तर कडा प्रोसेकांशी जुळतात आणि सगळं ठीक वाटतं, पण उत्तरेची कड पूर्व दाखवत असते. म्हणून एका खांबावर कधीच निर्णय घ्यायचा नाही. पुढच्या खांबापर्यंत जाऊन आकडे अपेक्षेप्रमाणे बदलले का ते बघायचं, किंवा सूर्याशी पडताळायचं. दोन वनविभागांच्या हद्दीवर 112, 113 च्या शेजारी 7, 8 असे आकडे येतात. दोन बाजूंची मोजणीच वेगळी, त्यामुळे 'लहान दोन म्हणजे उत्तर' हा नियम तिथे लागू होत नाही. आणि डोंगराळ जंगलात, उदाहरणार्थ कॉकेशसमध्ये, क्वार्तालच्या हद्दी धारेने आणि ओढ्याने जातात. तिथे हा लेख बाजूला ठेवा आणि सह्याद्रीतली अक्कल वापरा.

सूर्याशी पडताळणी

इथे आपली आणखी एक सवय आडवी येते. सूर्य उगवतो ती पूर्व, हे आपल्या अक्षांशावर ढोबळमानाने चालून जातं. मॉस्कोच्या अक्षांशावर जूनअखेरीस सूर्य थेट ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो. पंचेचाळीस अंशांची चूक म्हणजे दोन किलोमीटर चालल्यावर तुम्ही हवं त्याच्या दीड किलोमीटर बाजूला. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र तो जवळपास नेमका पूर्वेला उगवतो.

भरवशाची वेळ दुपारची. मॉस्को आणि त्वेरच्या भागात घड्याळात साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर दक्षिणेला असतो. तो डोक्यावर कधीच येत नाही, त्यामुळे सावली चांगली लांब पडते आणि ती उत्तर दाखवते. खांबाच्या लहान आकड्यांची कड आणि खांबाची सावली एकाच दिशेला गेली की निर्धास्त व्हा. होकायंत्र असेल तर लक्षात ठेवा, त्या भागात सुई खऱ्या उत्तरेच्या 11-12 अंश पूर्वेला वळते. शिवाय जुन्या प्रोसेका कधी काही अंश तिरक्या आखलेल्या असतात. थोडा फरक दिसला तर घाबरू नका; पाव फेऱ्याचा फरक दिसला तर मात्र थांबा. मॉस झाडाच्या उत्तरेलाच वाढतं, हे ऐकून सोडून द्यायचं. ओलसर जंगलात ते खोडाच्या चारी अंगांनी चढतं.

अंधार पडायला लागला तर

112 लावा. तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कोणाचं पोहोचत असेल तर हा फोन लागतो. खांबापाशी असाल तर चारही आकडे आणि वनविभागाचं नाव सांगा. नुसता '24' सांगून भागत नाही, कारण प्रत्येक वनविभागात एक 24 असतो. रशियन येत नसेल तर एवढं पाठ करा: "या ज़ब्लुदील्स्या व् लेसू" म्हणजे मी जंगलात हरवलोय. मुलीने "ज़ब्लुदीलास" म्हणायचं. मग "क्वार्ताल्नी स्तोल्ब" आणि आकडे. फोन झाल्यावर जागा सोडायची नाही. 2010 पासून काम करणाऱ्या 'लिझाअलर्ट' या स्वयंसेवकांच्या संघटनेचंही हेच सांगणं आहे: मदत मागितलीत ना, मग तिथेच थांबा. आपण थोडं पुढे जाऊन बघू, या विचाराने माणूस शोधपथकापासून लांब जातो.

आपल्याकडच्या बुरुजी

हे वाचून कोणी भीमाशंकरला खांब शोधायला जाऊ नये म्हणून सांगतो. आपल्या राखीव वनांच्या हद्दीवर दगड रचलेल्या बुरुजी किंवा सिमेंटचे खांब असतात आणि त्यांवर ओळीने क्रमांक टाकलेले असतात, पण ते जंगलाच्या कडेकडेने फिरतात. त्या क्रमांकावरून दिशा निघत नाही. बुरुजी सापडली तर इतकंच कळतं की आपण वनाच्या हद्दीवर आहोत, आणि वाढत्या किंवा उतरत्या क्रमांकाने हद्द धरून चालता येतं. आतल्या कक्षांचे क्रमांक असतात, वणवा अडवायला मोकळ्या केलेल्या जाळरेषाही असतात, पण डोंगराच्या अंगाने काढलेल्या. वाट विचारायला तिथला वनरक्षक किंवा गुराखी बरा. बुरुजीचे दगड मात्र चुलीसाठी उचलू नका. हद्दीची खूण मुद्दाम हलवणं हा 1927 च्या वन कायद्याच्या कलम 63 खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते.

सराव कुठे करावा

पहिल्यांदा थेट तैगात जाऊ नका. मॉस्कोत असाल तर लोसिनी ओस्त्रोव गाठा. मुंबईला जसं बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, तसं मॉस्कोला हे. 1983 मध्ये घोषित झालेलं, त्यातलं थोडं शहराच्याच हद्दीत, आणि क्वार्तालांत नीट विभागलेलं. काही भाग लोकांना बंद आहे, त्याच्या पाट्या पाळा. एक खांब गाठा, पुढच्या खांबावर कोणते आकडे असतील ते कागदावर लिहा, आणि मग चालत जाऊन बघा. चार खांब लागोपाठ बरोबर आले की त्याच चौकोनाला उलटी फेरी मारा, या वेळी नकाशा खिशात ठेवून. आमच्या घरमालकीणबाईंनी तिसऱ्या वर्षी माझी परीक्षा याहून कडक घेतली. डोळे बांधून मला खांबाभोवती तीन फेऱ्या फिरवलं, एका कडेला पाठ टेकवली आणि गालावर कोरलेले आकडे बोटांनी चाचपून उत्तर कुठे ते सांगायला लावलं. बरोबर सांगितल्यावर टोपलीतले सगळ्यांत मोठे दोन मशरूम माझ्या वाट्याला आले.